प्रवाळभिंतीवर दिवसाही टॉर्च सोबत ठेवा

इंडोनेशियातील बुनाकेन बेटाभोवती प्रवाळभिंत सरळ खोल उतरत जाते. मात्र पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेत असल्यामुळे स्कूबा डायव्हिंग करताना १५ मीटर खोलीवर तीच भिंत निळसर-करडी दिसते आणि कपारींतले जीव डोळ्यांसमोर असूनही निसटून जातात. यावरचा साधा उपाय म्हणजे भर दिवसाही एक लहान टॉर्च मनगटाला दोरीने बांधून नेणे.

१. भिंतीपासून हातभर अंतर राखून, तिला समांतर राहून, प्रवाहाबरोबर सावकाश पुढे सरका. पायांतल्या फिन्सचा धक्का प्रवाळाला लागू देऊ नका.

२. प्रकाशझोत समोरून न टाकता बाजूने तिरका टाका, म्हणजे पाण्यातले कण उजळून दृश्य धूसर होत नाही आणि जीवही बिचकत नाहीत. काळपट वाटलेला स्पंज क्षणात लालभडक होतो, आणि त्याच्या शेजारच्या कपारीत जबडा उघडझाप करणारी मोरे ईल (सापासारखा लांबट मासा) दिसली तर ती धमकावत नसून श्वास घेत असते. तिच्या आसपास सफाई करणाऱ्या कोळंबीच्या पांढऱ्या मिशा अवश्य शोधा. मला तर भिंतीवरचे सर्वांत सुंदर दृश्य तेच वाटते.

एक खबरदारी मात्र अटळ आहे. खाली तळ दिसत नसल्यामुळे झोतामागे जाताना खोली नकळत वाढते, म्हणून प्रत्येक कपारीनंतर डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारे उपकरण) पाहा. ओपन वॉटर या डायव्हिंगच्या प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर आहे.