घोड्याच्या पायावरच्या रेंगाळणाऱ्या जखमेला स्टेम सेल कशा द्यायच्या

घोड्याच्या धडावरची मोठी जखमही बऱ्याचदा आपसूक भरते. गुडघ्याखालची महिनोन्‌महिने चिघळत राहते. तिथे कातडीखाली स्नायूंची गादी नसते, रक्तपुरवठा कमी असतो आणि कडा जवळ ओढल्या जात नाहीत. दाह लवकर ओसरत नाही, मंद धुमसत राहतो. मग लाल दाणेदार मांस कडांच्याही वर वाढतं आणि नवी कातडी त्यावर चढू शकत नाही.

स्टेम सेल म्हणजे इतर प्रकारच्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशी; पण इथे त्यांचं काम मुख्यतः त्यांच्या स्रावातून होतं. त्याने दाह आवरतो आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत होते. म्हणजे पेशी जिवंत पोचायला हव्यात आणि काही दिवस टिकायला हव्यात. जखमांबाबतचा पुरावा अजून मर्यादित आहे, म्हणून ही नेहमीच्या उपचारांना दिलेली जोड समजा. सगळं पशुवैद्यकाच्या हातूनच व्हायला हवं.

जखम का भरत नाही, हे आधी शोधा. आत मेलेल्या हाडाचा तुकडा असेल तर पेशी वाया जातात. इजेनंतर दोन-तीन आठवड्यांनी तो एक्स-रेत दिसतो. वाढलेल्या मांसाची बायोप्सी करा, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासा. सारकॉइडची गाठ (घोड्याच्या कातडीतला ट्यूमर) असेल तर पेशी देऊच नका, कारण वाढीला चालना देणारे स्राव तिथे नकोत. सांध्यापर्यंत गेलेली जखम ही तातडीची बाब आहे, तिला त्याच दिवशी उपचार हवेत. धनुर्वाताची लस झाली आहे ना, हेही पाहा; घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

त्याच घोड्याच्या पेशी वापरायच्या तर छातीच्या हाडातली अस्थिमज्जा किंवा शेपटीच्या मुळाजवळची चरबी घेतात. प्रयोगशाळेत त्या वाढायला २ ते ४ आठवडे लागतात, म्हणून नमुना लवकर पाठवा. दुसऱ्या घोड्याच्या पेशी तयार मिळतात, पण पुन्हा पुन्हा दिल्यास शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू शकतं.

मधले आठवडे जखम तयार करण्याचे, आणि खरी मेहनत इथेच आहे. वाढलेलं मांस कातडीच्या पातळीपर्यंत छाटा. खालून वर छाटत जा, म्हणजे ओघळणारं रक्त पुढची जागा झाकत नाही. या मांसात संवेदना नसते, पण रक्त भरपूर येतं. दाबाची पट्टी २४ तास ठेवा. रक्त चालू असताना पेशी दिल्या तर त्या वाहून जातात. धुण्यासाठी ३५ मिली सिरिंज, १९ गेज सुई आणि सलाइन वापरा. पेशी द्यायच्या दिवशी जखमेत पोव्हिडोन आयोडीन, क्लोरहेक्सिडीन किंवा जेंटामायसिन घालू नका. जंतू मारणारं औषध या पेशींनाही मारतं.

गुंगी द्या आणि बधिरीकरण वरच्या मज्जातंतूजवळ करा. लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध थेट कडांत टोचलं तर ते पेशींना विषारी ठरतं. एका जखमेला साधारण १ ते २ कोटी पेशी देतात. गोठवलेली कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरा आणि बर्फाचा शेवटचा कण उरला की बाहेर काढा. तिच्यातला डीएमएसओ (गोठवताना पेशी जपण्यासाठी घातलेलं द्रव्य) वितळल्यावर पेशींना घातक असल्याने लगेच पुढच्या कामाला लागा. पेशी तळाशी बसतात, म्हणून सिरिंज जोरात न हलवता हलकेच फिरवत राहा. २० ते २२ गेज सुईने, कडेपासून एक सेंटिमीटर बाहेर, दर दीड-दोन सेंटिमीटरवर ०.२ ते ०.३ मिली कातडीखाली सोडा. सुई सावकाश काढा, नाहीतर द्रव मागे ओघळतो.

वर न चिकटणारी पट्टी, जाड कापूस आणि क्रेप बँडेज बांधा; ४८ ते ७२ तास उघडू नका. घोडा तबेल्यातच ठेवा. सांध्यावरची जखम प्रत्येक पावलागणिक ताणली जाते, तिथे स्प्लिंट लावा. पहिल्या दिवशीची थोडी सूज चालते. पू, वाढता लंगडेपणा किंवा ताप आला तर पट्टी लगेच उघडून पशुवैद्यकाला दाखवा.

दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच कोनातून फोटो काढा. पायावर नवी कातडी आठवड्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकते, त्यामुळे रोज बघून काही कळत नाही. तीन आठवड्यांत गुलाबी कड पुढे आली नाही, तर दुसऱ्या डोसची घाई करू नका. एक्स-रे आणि बायोप्सी पुन्हा करा.