आइस फिशिंगच्या रॉडवर पावसाळ्यात इपॉक्सी चढवताना

बडोद्यात जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत आइस फिशिंगच्या, म्हणजे गोठलेल्या पाण्यावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायच्या, रॉडवर इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून घट्ट होणारा लेप) चढवायचं असेल, तर एसीच्या बंद खोलीतच चढवा. ओलाव्यानं थर दुधाळ होतो, चिकट राहतो. 1:1 चं इपॉक्सी असेल तर रेझिन आणि हार्डनर वेगवेगळ्या सिरिंजनं 3-3 मिली घ्या. अंदाजानं घेतलं की हमखास फसतं. 2-3 मिनिटं सावकाश ढवळून ॲल्युमिनियम फॉइलवर पसरा, बुडबुडे फुटतात. गळाची दोरी ज्यातून जाते त्या कड्या रॉडला बांधणाऱ्या दोऱ्याच्या गुंडाळीवर थर पातळच हवा, टोकाकडे तर फारच: 28 इंची रॉडचं टोक जाड थरानं ताठरलं, की बर्फाखालच्या माशाची हलकी टोच दिसतच नाही. मग रॉड आडवा धरून 4 तास हळूहळू फिरता ठेवा, नाहीतर खालच्या बाजूला थेंब लोंबतो. हो, कड्या मोठ्याच निवडा. बारीक कडी गोठलेल्या पाण्यानं लगेच बुजते.