संगणकाशी मोनोपॉली: शिल्लक सांभाळू नका

भाच्याने माझ्या लॅपटॉपवर मोनोपॉली, म्हणजे पटावरच्या जागा विकत घेऊन तिथे येणाऱ्याकडून भाडं घ्यायचा खेळ, टाकून दिली तेव्हा त्याला वाटलं होतं, मावशी दोन दिवसांत कंटाळेल. कंटाळले नाही, पण हरत राहिले. सलग अकरा डाव. जन्म हिशेब लिहिण्यात गेला, त्यामुळे हातात शिल्लक दिसली की मला बरं वाटतं. सुरुवातीला मिळालेले १५०० डॉलर मी ९००च्या खाली म्हणून येऊ देत नव्हते, आणि संगणकाचे तिघे खेळाडू माझ्या डोळ्यांदेखत अख्खा पट विकत घेत होते. अकराव्या डावाला भाचा मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "मावशी, हे पैसे कुठे घेऊन जाणार आहेस?"

आता बहुतेक डाव मी जिंकते. कसे, ते सांगते. आकडे आणि नावं अटलांटिक सिटीच्या मूळ अमेरिकी पटाची आहेत. तुमच्याकडे दुसरा पट असेल तर रस्त्यांची नावं बदलतील, रंगांची जागा सहसा तीच असते. आणि एक गोंधळ आधीच मिटवते. पटावरच्या खान्यालाही आपण घर म्हणतो आणि या खेळात जागेवर बांधायचं तेही घरच, म्हणून खान्याला मी चौकट म्हणणार आहे.

पहिल्यांदा सेटिंग उघडा. तिथे घरगुती नियमांची यादी असेल: फ्री पार्किंगवर दंडाचे पैसे जमा होणं, 'गो'वर, म्हणजे सुरुवातीच्या चौकटीवर, थेट थांबल्यास दुप्पट रक्कम मिळणं वगैरे. सगळे बंद करा. मूळ नियमांत फ्री पार्किंगवर काहीही मिळत नाही, ती नुसती विसाव्याची चौकट आहे. फुकटचा पैसा पटावर येत राहिला की बुडायला आलेला खेळाडू पुन्हा तरतो आणि डाव मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतो. सोंगट्यांच्या नाचण्या-बागडण्याचा वेग वाढवून टाका. पहिल्या दिवशी तो नाच बघायला गोड वाटतो, तिसऱ्या दिवशी नाही.

मग लिलाव. माझं सगळ्यात जास्त नुकसान इथे झालं. एकदा कनेटिकट अव्हेन्यूवर आले, किंमत १२०. म्हटलं, पुढच्या फेरीत बघू, आणि 'नको' दाबलं. एक खिडकी उघडली, ती मी जाहिरात समजून बंद केली. ती लिलावाची होती. फिकट निळ्या रंगाच्या बाकी दोन जागा आधीच हातात असलेल्या खेळाडूने कनेटिकट ७० डॉलरला उचललं, रंगाच्या सगळ्या जागा आल्या की घरं बांधता येतात म्हणून लगोलग तीन-तीन बांधली, आणि पुढच्या फेरीत त्याच जागेवर मी ३०० डॉलर भाडं मोजलं. घरी पट मांडून खेळताना हा नियम कुणी पाळत नाही, म्हणून तो आहे हेच आपल्याला माहीत नसतं. तुम्ही घेतली नाही की जागा लिलावात जाते, आणि त्यात तुम्हालाही बोली लावता येते. माझा हिशेबनिसाचा नियम असा: कुठलीही जागा निम्म्या किमतीच्या आत दुसऱ्याला जाऊ द्यायची नाही. गहाण टाकली की छापील किमतीच्या निम्मे पैसे बँक देतेच. २०० डॉलरची रेल्वे ९०ला मिळाली तर ती गहाण टाकूनसुद्धा दहा डॉलर सुटतात. मग ती का सोडायची?

कुठला रंग घ्यायचा? नारिंगी. लोक गडद निळ्यासाठी जीव टाकतात, कारण बोर्डवॉकवर हॉटेल असलं की भाडं २००० होतं. पण तिथे येतो कोण? पटावर सगळ्यात जास्त मुक्काम पडतो तुरुंगात. 'तुरुंगात जा'ची चौकट, चान्ससारख्या चौकटीवर उचललेल्या पत्त्यावरचा आदेश, लागोपाठ तीन डबल (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा), या सगळ्या वाटा तिथेच जातात. तुरुंगातून मोजा: सहाव्या चौकटीवर सेंट जेम्स प्लेस, आठव्यावर टेनेसी अव्हेन्यू, नवव्यावर न्यूयॉर्क अव्हेन्यू. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १४ थेट या तिघांवर नेतात. भरीला, लाल रस्त्यांमधल्या चान्सवर 'तीन चौकटी मागे' निघालं की सोंगटी बरोबर न्यूयॉर्क अव्हेन्यूवर येते. हे लक्षात आलं त्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते.

तिन्ही रस्ते आपसूक मिळत नाहीत, सौदा करावा लागतो. एक डाव सविस्तर सांगते. माझ्याकडे सेंट जेम्स, न्यूयॉर्क आणि पार्क प्लेस होतं, रोख ६२०. समोरच्याकडे टेनेसी, बोर्डवॉक, दोन रेल्वे आणि रोख २४०. मी पार्क प्लेस देऊ केलं आणि बदल्यात टेनेसी अधिक १५० मागितले. त्याने डोळे झाकून मान्य केलं, कारण बोर्डवॉकला पार्क प्लेस मिळून त्याचा गडद निळा पूर्ण होत होता. भाचा ओरडला, "अगं, हे काय केलंस!" पण समोरच्याच्या हातात उरले होते ९०, आणि तिथे एका घराला २०० लागतात. माझ्याकडे झाले ७७०, नारिंगीवर घर १००चं. त्याच खेळीत सात घरं बांधली: न्यूयॉर्कवर तीन, बाकी दोघांवर दोन-दोन. माझ्याकडे राहिले सत्तर. तो तुरुंगात होता. पन्नास भरून बाहेर आला आणि नऊ पडले. न्यूयॉर्क, तीन घरं, भाडं ६००. बिचाऱ्याने बोर्डवॉक, पार्क प्लेस आणि दोन्ही रेल्वे गहाण टाकून पैसे भरले. उरले पंधरा.

म्हणजे सौदा करताना समोरच्याचा रंग पूर्ण होतोय का, एवढंच बघू नका. त्याच्या नावाखालची रोख रक्कम बघा. बांधायला पैसा नसेल तर पूर्ण रंग असून त्याला करायचंय काय? मी खेळते तो संगणक हे बघत नाही, त्याला रंग दिसतो. मात्र तो गहाण जागा सौद्यात सरकवतो, तेवढं खूण बघून घ्या. अशी जागा घेतली की दहा टक्के व्याज तिथल्या तिथे भरावं लागतं.

घरांचं. तिसऱ्या घरापर्यंत धावत जायचं, मग दम घ्यायचा. सेंट जेम्सचं भाडं दोन घरांना २०० असतं, तीन घरांना ५५०. चौथं घर आणि नंतरचं हॉटेल प्रत्येकी २००च वाढवतात. घरं समान वाढवावी लागतात, एका जागेवर तीन आणि शेजारी शून्य असं चालत नाही. संगणक ते करूच देत नाही, त्यामुळे वाद नाही. पण खरी गंमत पुढे आहे. बँकेत घरं फक्त ३२ असतात. नारिंगी आणि फिकट निळा तुमच्याकडे असेल आणि सहाही जागांवर चार-चार घरं ठेवलीत, तर २४ तुमच्याकडे अडकली. बाकी सगळ्यांना मिळून उरली आठ. अशा वेळी हॉटेलचं बटण चमकत असलं तरी दाबू नका. हॉटेल घेतलं की चार घरं बँकेत परत जातात आणि लगेच दुसरा कुणी ती उचलतो.

फासे लबाडी करतात का, असं सगळे विचारतात. मलाही संशय होता, म्हणून वहीत दोन पानं भरून नोंदी केल्या. सात सगळ्यात जास्त वेळा आले, जसे यायला हवेत तसेच. आपल्याला फक्त वाईट पडलेले आठवतात. (डाव सेव्ह करून, वाईट फासे पडले की मागे जाण्याचा उद्योग मी केलाय. जिंकता येतं, पण मजा येत नाही.)

आता शिल्लक किती ठेवायची? शून्य नाही. माझ्या सोंगटीपुढच्या बारा चौकटी मी बघते आणि त्यातलं सगळ्यात मोठं भाडं हातात ठेवते, बाकी सगळं घरांत. पुढे रान मोकळं असेल तर शेवटचा डॉलरही लावते. घाई आहे ती घरं बांधायची, विकायची वेळ येऊ नये. विकताना निम्मेच मिळतात, आणि रंगावर एक जरी घर उभं असेल तरी त्या रंगातली जागा गहाण टाकता येत नाही.

तुरुंगाचं मात्र सुरुवातीला आणि शेवटी उलटं आहे. जागा शिल्लक असताना पन्नास भरून ताबडतोब बाहेर पडा. पुढे, जेव्हा पटभर दुसऱ्यांची हॉटेलं उभी असतात, तेव्हा आत बसून राहा. आत असतानाही तुमचं भाडं चालू असतं, आणि संगणक ते न चुकता वसूल करून देतो. घरच्या पटावर मालक वेळेत मागायला विसरला की भाडं बुडतं, इथे ती काळजी नाही. तीन वेळा फासे टाकून डबल पडले नाहीत तर पन्नास भरून बाहेर यावंच लागतं. मी दर वेळी 'फासे टाका' दाबते आणि डबल पडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसते.