नियम ९० आणि नियम १८: दोन सारखे नियम वहीत कसे पडताळावेत

एका ओळीत घरं, प्रत्येक घर काळं किंवा पांढरं. खालच्या ओळीतल्या घराचा रंग ठरतो तो डोक्यावरचं घर आणि त्याचे दोन शेजारी यांच्यावरून. सेल्युलर ऑटोमाटाचा हा सर्वांत साधा प्रकार. असे २५६ नियम होतात. त्यांना क्रमांक देण्याची पद्धत स्टीफन वुल्फ्रॅम यांनी १९८३ मध्ये मांडली. तुलनेला संगणक लागत नाही, चौकटीची वही आणि पेन्सिल पुरते.

आधी दोन्ही नियम एकाखाली एक लिहा. काळं १, पांढरं ०.

तीन घरं: १११, ११०, १०१, १००, ०११, ०१०, ००१, ०००
नियम ९०: ०, १, ०, १, १, ०, १, ०
नियम १८: ०, ०, ०, १, ०, ०, १, ०

(उत्तरांची ओळ म्हणजे नियमाचा क्रमांकच, बायनरीत लिहिलेला.) फरक फक्त ११० आणि ०११ या दोन जागी आहे. त्यांच्याखाली ठळक रेघ मारा.

आता मधोमध एकच घर काळं करून दोन्ही नियमांच्या १६-१६ ओळी भरा. दोन्हीकडे हुबेहूब तोच सिएरपिन्स्कीचा त्रिकोण (त्रिकोणात लहान-लहान त्रिकोण अशी नक्षी) येतो! ‘नियम एकच आहेत’ म्हणून मी इथेच वही मिटली होती. पण नीट बघा: कुठल्याही ओळीत दोन काळी घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत. म्हणजे रेघ मारलेल्या जागांची पाळीच आलेली नाही.

म्हणून सुरुवात अशी निवडा की ती पाळी यावी. दोन काळी घरं शेजारी शेजारी ठेवा.

नियम ९०: ११, मग ११११, मग ११००११, मग ११११११११
नियम १८: ११, मग १००१, मग १०११०१, मग १००००००१

तिसऱ्या पायरीला एकीकडे आठ काळी घरं, दुसरीकडे दोन.

पुढे नाणं उडवून २०-२५ घरांची ओळ भरा. दोन्ही नियमांना तीच ओळ द्या, आणि शेवटचं घर पहिल्याचं शेजारी धरा, नाहीतर कडेला घोळ होतो. मग एकच घर उलटं करून पुन्हा भरा आणि दोन चित्रांत कुठे फरक पडला त्यावर खुणा करा. नियम ९० मध्ये कडा एकमेकींना भिडेपर्यंत या खुणांचाच सिएरपिन्स्की त्रिकोण होतो, मूळ ओळ कोणतीही असो. नियम १८ मध्ये तसं बंधन नाही.

दुसरी जोडी निवडताना मात्र आधी आरसा धरून बघा. ३० आणि ८६ हे डावं-उजवं बदललेले एकच नियम आहेत. असे आरशातले आणि काळं-पांढरं उलटवलेले जुळे एकत्र मोजले, तर २५६ मधून ८८च वेगळे उरतात.