जीन रिपोर्टमध्ये पार्किन्सनसमोर लाल ठिपके दिसले तर तो रिपोर्ट वाचायचा कसा

घरगुती जीन टेस्ट किटमधून लाळेचं सॅम्पल पाठवलं, महिन्याभरात पीडीएफ आली, आणि ‘इन्फ्लमेशन व ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ असल्या भारदस्त मथळ्याखाली टीएनएफ, आयएल६, एसओडी२ अशी नावं आणि प्रत्येकापुढे लाल ठिपका. माझ्या मामांना पार्किन्सन आहे, त्यामुळे ते पान बघून मी दोन दिवस चहाचा कप हातात धरून हात थरथरतोय का तेच बघत बसले होते. मग शांतपणे वाचायला लागले तेव्हा कळलं की ठिपक्याचा रंग कंपनी ठरवते, आपण बघायचं ते जीनचं नाव.

तर पहिलं काम म्हणजे नावं वेगळी काढा. एलआरआरके२, जीबीए१, एसएनसीए, पार्किन, पिंक१, डीजे१ यातलं काही असेल तर ते बाजूला, ते वजनदार. पण तिथेही घाई नको. पार्किन, पिंक१ आणि डीजे१ मध्ये साधारणपणे आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही कॉपी बिघडलेल्या असाव्या लागतात, आणि तसं असलं तर आजार बहुतेक वेळा लवकरच्या वयात दिसतो. एलआरआरके२ मधला जी२०१९एस हा बदल असलेल्या कित्येकांना तर आयुष्यभर काहीच होत नाही. यातलं काही निघालं तर घरगुती किटच्या भरवशावर राहू नका, वैद्यकीय लॅबमध्ये परत टेस्ट करा, कारण किटच्या रॉ डेटात चुकीचे पॉझिटिव्ह निघतात. आणि काहीच निघालं नाही म्हणजे सुटलो असंही नाही, ही किटं या जीन्समधले मोजकेच बदल तपासतात.

आता ते लाल ठिपकेवाले. ही नावं रिपोर्टमध्ये येतात कशी, तर पार्किन्सनमध्ये मरतात त्या मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मुळातच जरा नाजूक, डोपामिन तुटताना पेरॉक्साइडसारखी त्रासदायक रसायनं तयार होतात, त्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, बिघडला की पेशी स्वतःच्याच धुरात घुसमटते असं समजा. एसओडी२ हे मायटोकॉन्ड्रियाच्या आत सफाई करणारं एन्झाइम, आणि त्याच्या जीनमधल्या एका अगदी कॉमन बदलामुळे ते आत किती पोचतं यात फरक पडतो. टीएनएफ आणि आयएल६ ही सूज वाढवणारी सिग्नल प्रोटीन्स. म्हणजे गोष्ट ऐकायला एकदम पटते! पण पटणारी गोष्ट आणि आकड्यात दिसणारा धोका वेगळा. छोट्या छोट्या अभ्यासांत कधी संबंध दिसला, कधी नाही. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या डीएनएवरून पार्किन्सनच्या धोक्याचे ९० सिग्नल, म्हणजे धोक्याशी जोडलेले डीएनएतले बदल, सापडले, त्यात एसओडी२ नाही. सुजेच्या बाजूने खरं टिकलेलं नाव म्हणजे एचएलए, रोगप्रतिकार पेशींना प्रोटीनचे तुकडे दाखवणारा जीनसमूह, २०१० पासून तो परत परत दिसतोय, पण त्याचाही परिणाम लहानच. टीएनएफ त्याच भागात, सहाव्या क्रोमोझोमवर शेजारी बसलेला आहे, त्यामुळे कुणाचा सिग्नल कुणाच्या नावावर जातोय ते सांगणंही अवघड.

मग गणित करा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते. समजा रिपोर्ट म्हणतो ‘धोका २० टक्के जास्त’. साठीच्या पुढच्या हजार लोकांत साधारण १० जणांना पार्किन्सन असतो असं धरा. २० टक्के जास्त म्हणजे १० चे १२, बास. हजारातले ९८८ तसेच. आणि चार लाल ठिपके म्हणून २० गुणिले ४ असला हिशेब तर अजिबात करू नका.

शिवाय हे अभ्यास बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेत, तेव्हा आपला वंश वेगळा असेल तर तो आकडा आणखी सैल धरायचा.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बहुतेक वेळा अँटिऑक्सिडंट गोळ्यांची शिफारस असते, माझ्या तर होतीच, ‘खरेदी करा’ बटणासकट. ते पान सरळ सोडा. व्हिटॅमिन ई रोज २००० युनिट देऊन ८०० पेशंटवर ट्रायल झाली, १९९३ मध्ये निकाल आला, उपयोग शून्य. को-एन्झाइम क्यू१० चंही २०१४ मध्ये तेच झालं. निरोगी माणसाला या गोळ्यांनी पार्किन्सन टळतो असंही कुणी सिद्ध केलेलं नाही. त्यापेक्षा नियमित व्यायाम करा आणि पॅराक्वाटसारखी तणनाशकं हाताळायची वेळ येत असेल तर टाळा, हे जास्त ठोस आहे.

डॉक्टरांकडे जाताना पीडीएफच्या प्रिंटऐवजी एक कागद न्या: घरात कुणाला झाला, कितव्या वर्षी, स्वतःला वास कमी येतो का, जुनी बद्धकोष्ठता आहे का, झोपेत हातपाय झाडता का. एकट्या लक्षणावरून काही ठरत नाही, पण न्यूरोलॉजिस्ट हेच विचारतात. मामांच्या वेळी मामी म्हणाली, अगं हे तर दहा वर्षं झोपेत लाथा मारायचे, मी उशी मध्ये ठेवून झोपायचे, यात डॉक्टरला काय सांगायचं असतं?