बाजारातल्या तांदळांमधला जनुकीय फरक: अल्कली चाचणी कशी करावी

वाडा कोलम, आंबेमोहर, आजरा घनसाळ, बासमती हे सगळे दादरच्या बाजारात शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. दाण्याची लांबी-जाडी डोळ्यांना कळते. आतला स्टार्च किती तापमानाला फुलतो ते कळत नाही. तो गुण मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरच्या एएलके या जनुकावर ठरतो आणि दाणा अल्कलीत, म्हणजे तीव्र क्षाराच्या द्रावणात, किती विरघळतो यावरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो एका दिवसात पाहता येतो.

द्रावण हवं १.७ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं. बाटलीवर शुद्धता ८५ टक्के लिहिलेली असेल, तर १०० मिलिलिटर द्रावणाला १.७ नव्हे, २ ग्रॅम गोळ्या लागतात. नेमकं इथेच बहुतेकांचं बिघडतं. मुंबईच्या पावसाळ्यात या गोळ्या मिनिटांत ओल्या होतात आणि वजन फसवं येतं, म्हणून भराभर तोला, बूच लगेच लावा. ऊर्ध्वपातित पाणी उकळून थंड करा, गोळ्या त्यात टाका. हातमोजे आणि चष्मा हवाच. हे द्रावण कातडी भाजतं.

पॉलिश केलेले, न चिरलेले सहा दाणे पेट्री डिशमध्ये अंतर ठेवून मांडा, वर १० मिलिलिटर द्रावण ओता, झाकण लावा. ३० अंशांवर २३ तास हलवू नका. डिसेंबरच्या रात्री खोलीवर विसंबू नका, इन्क्युबेटर वापरा. गारव्यात दाणे कमी विरघळतात. प्रत्येक वाणाच्या किमान तीन डिश ठेवा.

डिशखाली काळा कागद धरून गुण द्या: दाणा जसाच्या तसा तर १, पूर्ण विरघळून पसरला तर ७. आकडा जितका मोठा, तितक्या कमी तापमानाला स्टार्च फुलतो. बासमती साधारण ४-५ वर थांबतो. जपानी पद्धतीचा आखूड, चिकट तांदूळ बहुधा ६-७ पर्यंत जातो.

माटुंग्याला मिळणारा केरळचा मट्टा बहुतेकदा उकडा असतो. त्याचा स्टार्च आधीच फुललेला, त्यामुळे तो या चाचणीत घेऊच नका. हातसडीच्या दाण्यावरचा कोंडाही अल्कलीला अडवतो.

सहांपैकी दोन दाणे वेगळे वागले तर सरासरी काढून ते झाकू नका. प्रत्येक दाण्याचा गुण स्वतंत्र लिहा. दुकानातल्या पोत्यात ती भेसळ असू शकते. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या गावठी बियाण्यात मात्र ती वाणाच्या आतलीच विविधता असू शकते. दोन वाणांचे गुण जुळले, तरी ते एकच ठरत नाहीत, कारण आपण एकाच जनुकाचा परिणाम पाहिला. पुढे डीएनए तपासायचा असेल तर टरफलासकट भात मिळवा. तो रुजवून पान घेता येतं. पॉलिशमध्ये अंकुरच निघून गेलेला असतो.