पहिल्या विधानसभेत आपल्या तालुक्याचं काय बोललं गेलं ते कसं शोधायचं

आपल्याकडचं धरण कधी मंजूर झालं, तालुक्याला हायस्कूल कोणी मागितलं, कुळांच्या जमिनीचं काय ठरलं, ह्यातलं बरंच काही विधानसभेच्या जुन्या छापील कार्यवाहीत आहे आणि ते कोणी उघडून बघत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. १९६० ते ६२ चे खंड वाचायची मला गेली काही वर्षं सवय लागलीये, त्यातून जी पद्धत हाताला बसली ती इथे लिहितोय, म्हणजे पहिले दोन-चार दिवस वाया जाणार नाहीत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. महाराष्ट्राची पहिली विधानसभा महाराष्ट्रासाठी निवडून आलेलीच नव्हती. १९५७ ला निवडणूक झाली ती द्वैभाषिक (मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र असलेल्या) मुंबई राज्याची, जागा ३९६, त्यात कच्छ-सौराष्ट्रापासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंत सगळे. १ मे १९६० ला राज्य वेगळं झालं तेव्हा १३२ जण गुजरातकडे गेले आणि आपल्याकडे २६४ राहिले, नवी निवडणूक वगैरे काही झाली नाही. म्हणजे संयुक्त महाराष्ट्रासाठी निवडून आलेले आचार्य अत्रे, एस. एम. जोशी आणि तीन वर्षं द्वैभाषिक चालवून दाखवायला निघालेला काँग्रेस पक्ष, हे सगळे त्याच सभागृहात, फक्त राज्य बदललं. मुख्यमंत्रीही यशवंतराव चव्हाणच, राज्यपाल श्रीप्रकाश. हे लक्षात घेऊन भाषणं वाचली की कोण कोणाला का टोचतंय ते आपोआप कळतं.

नंबराचा घोळही इथेच होतो. १९६२ च्या निवडणुकीला बरेच जण पहिली विधानसभा म्हणतात, मीही म्हणायचो. पण विधिमंडळाच्या मोजणीत १९६०-६२ ची पहिली आणि १९६२ ची दुसरी, २०२४ ची पंधरावी. उलटं मोजून बघा, जुळतं. तेव्हा १९६० चं भाषण शोधताना आमदाराचं नाव १९६२ च्या निकालात बघू नका, १९५७ चा निकाल लागेल. तो निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो, फक्त राज्याच्या यादीत महाराष्ट्र शोधू नका, मुंबई राज्याखाली आहे.

यादी उघडली की एकाच मतदारसंघापुढे दोन आमदार दिसले तर ती छपाईची चूक नाही. तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्य होते, एक जागा राखीव आणि एक सर्वसाधारण, ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. अशा वेळी दोन्ही नावं वहीत लिहून घ्या. राखीव जागेवरचा आमदार अगदी वेगळे प्रश्न विचारताना सापडू शकतो, गायरान, वस्तीसाठी विहीर, शिष्यवृत्ती असले, आणि त्याचं नाव गावात कोणाच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

मग जिल्ह्याचं जुनं नाव. तेव्हा जिल्हे २६. रायगड म्हणून शोधाल तर काही हाती लागणार नाही, कुलाबा बघा. लातूर उस्मानाबादमध्ये, जालना औरंगाबादमध्ये, सिंधुदुर्ग रत्नागिरीत, गडचिरोली चांद्यात. सांगली थोड्या आधीच्या कागदांत दक्षिण सातारा, धुळे म्हणजे पश्चिम खानदेश, जळगाव म्हणजे पूर्व खानदेश.

खंड कुठे बघायचे? मुंबईला विधान भवनाचं ग्रंथालय आहे, पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय जुन्या सरकारी प्रकाशनांसाठी ओळखलं जातं. जायच्या आधी फोन करून परवानगीचं विचारून घ्या. आणि एक, राज्यनिर्मितीवरची चर्चा हवी असेल तर ती महाराष्ट्र विधानसभेच्या खंडात नाही. १९६० च्या सुरुवातीला विभाजनाच्या विधेयकाचा मसुदा मत देण्यासाठी आला तो मुंबई विधानसभेकडे, म्हणून मुंबईचे खंड मागा. त्या सभागृहाला फक्त मत द्यायचा अधिकार होता, कायदा केला संसदेने, त्यामुळे लोकसभेची चर्चाही वाचावी लागते. हा भाग मात्र वेळ काढून वाचा, मुंबई हातात आल्यानंतरची माणसं कशी बोलतात ते त्यात दिसतं.

आता माझा आग्रह. नवीन माणूस सरळ मोठ्या नेत्यांच्या भाषणांवर उडी मारतो. नको. आधी प्रश्नोत्तरं वाचा, गाव तिथे सापडतं. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्याची, मांडणी ठरलेली असते, आमदार (अ), (ब), (क) करून विचारतो, अमुक गावचा पूल वाहून गेला हे खरे आहे काय, असल्यास दुरुस्ती केव्हा होणार, नसल्यास कारणे काय. आणि मंत्र्यांचं उत्तर साधारण असं येतं, (अ) होय. (ब) बाब विचाराधीन आहे. (क) प्रश्न उद्भवत नाही. एवढं वाचून पान उलटू नका कारण खरा माल त्याच्या खाली असतो, उपप्रश्नांमध्ये. तिथे आमदार कागद सोडून बोलतो, किती दिवस विचार चालणार, कलेक्टरांचा रिपोर्ट आला की नाही, आणि मंत्र्यांच्या तोंडून कधी कधी तारीख किंवा रक्कम निघून जाते. "विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे" असं दिसलं तर ते विवरण शोधाच, गावांची यादी बहुतेक त्यातच असते. भाषाही मिसळलेली आहे, कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत, त्यामुळे गावाचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्येही शोधा.

कायद्यांसाठी वेगळी वाट आहे. कायद्याच्या नावातलं वर्ष आणि त्याच्या क्रमांकाचं वर्ष एकच असेल असं धरू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा १९६१ चा कायदा क्रमांक २४ आहे. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा १९६२ चा क्रमांक ५, आणि जिल्हा परिषदा प्रत्यक्षात आल्या १ मे १९६२ ला. चर्चा शोधायला ह्यातली एकही तारीख थेट कामाची नाही, त्याच्या आधी जावं लागतं. कायद्याच्या जुन्या छापील प्रतीत पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात टीप असते, उद्देश व कारणे यांच्या निवेदनासाठी शासकीय राजपत्र, अमुक वर्ष, भाग पाच, पान अमुक. तिथून विधेयकाचा नंबर मिळतो आणि त्या नंबरावरून खंडाच्या सूचीत, म्हणजे कुठला विषय कुठल्या पानावर त्या यादीत, चर्चेची पानं. जिल्हा परिषदेच्या बाबतीत अजून मागे जा, वसंतराव नाईक समिती जून १९६० मध्ये नेमली होती आणि तिचा अहवाल मार्च १९६१ चा, तो शेजारी ठेवून चर्चा वाचली की समितीचं काय घेतलं आणि काय सोडलं ते दिसतं.

जमिनीचं प्रकरण शोधणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा कूळ कायदा, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा, विदर्भाला १९५८ चा, असे तीन कायदे एकाच राज्यात. १९५६ च्या आधी ही माणसं तीन वेगवेगळ्या सभागृहांतून आली होती, म्हणून एकाच शब्दाचा अर्थ तिघांच्या तोंडी वेगळा निघू शकतो. तुमचा जिल्हा कुठल्या कायद्याखाली होता ते ठरवल्याशिवाय कमाल जमीनधारणेची १९६१ ची चर्चा वाचायला घेऊ नका, गोंधळ उडेल.

विदर्भातल्यांनी नागपूर अधिवेशनाचे खंड वेगळे मागावेत. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं होतं आणि १९६० पासून ते होऊ लागलं. विधान परिषदेचे खंडही वेगळे असतात, तिथे सभापती वि. स. पागे, विधानसभेत अध्यक्ष सयाजी सिलम. खाली अध्यक्ष लिहिलंय की सभापती एवढ्यावरून पान कुठल्या सभागृहाचं ते ओळखता येतं, सुटी झेरॉक्स हाती आली तर हे फार उपयोगी पडतं. फोटो जोडणार असाल तर नरिमन पॉइंटची इमारत लावू नका, ती १९८१ ची. हे आमदार बसायचे म्युझियमसमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये, जिथे आता राज्य पोलीस मुख्यालय आहे.

सरावाला एखादी पक्की तारीख घ्या. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, त्यानंतरचं पहिलं अधिवेशन काढा, सूचीत पानशेत, खडकवासला, पूर आणि पुणे हे चारही शब्द बघा, कारण सूची करणाऱ्याने नोंद कुठल्या शब्दाखाली टाकली ते आधी कळत नाही. सापडलं की झेरॉक्सच्या मागे तिथल्या तिथे खंड, भाग, तारीख, पान पेन्सिलने लिहा. घरी येऊन लिहू म्हटलं की राहून जातं आणि मग तेच पान शोधायला परत एक दिवस जातो.